आधी आकडा, मग नावं

पत्र: मी पॅकिंगच्या कामाला जाते. नवऱ्याला काम कधी असतं, कधी नसतं. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. दर नाताळला भेटवस्तूंची यादी वाढतच चाललीय, गेल्या वर्षी १९ नावं झाली. निम्मं सामान क्रेडिट कार्डावर घेतलं, त्याची बाकी अजून फिटलेली नाही. मोठ्या नणंदेची परिस्थिती चांगली आहे. ती मुलांना महागाची खेळणी आणते, मलाही भारी काहीतरी देते, मग आपणही तसंच द्यावं असं वाटतं. नवरा २४ तारखेला संध्याकाळी ‘झाडाखाली अगदीच रिकामं दिसतंय’ म्हणत बाहेर पडतो आणि हाताला लागेल ते घेऊन येतो. त्यात मुलाला या वर्षी गेमिंग कन्सोल हवाय. थोडक्या पैशांत सगळ्यांच्या भेटी कशा बसवायच्या? स्वस्त असूनही चांगल्या दिसतील अशा वस्तू सुचवाल का?
— एक वाचक

उत्तर: ऑक्टोबरातच पत्र लिहिलंत, हे फार बरं केलंत. हाच प्रश्न डिसेंबरच्या मध्यावर येतो तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आत्ता तुमच्या हातात वेळ आहे, आणि या कामात वेळेला पैशाइतकीच किंमत आहे.

स्वस्त वस्तूंची यादी मात्र मी देणार नाही. १९ स्वस्त वस्तू घेतल्या तरी १९ वेळा पाकीट उघडावं लागतं. वर प्रत्येक वेळी ‘एवढंच कसं द्यायचं’ म्हणून थोडी भर पडते ती वेगळीच. तुमचा हिशेब वस्तूंच्या किमतीपेक्षा नावांच्या संख्येनं बिघडलाय. प्रत्येक भेट निम्म्या किमतीची करायची म्हटली तर जीव मेटाकुटीला येतो. दहा नावं कमी करणं एका रविवारचं काम आहे. ते कसं करायचं ते सांगतेच, पण त्याआधी आकडा.

कागदावर नाताळच्या आधी हातात पडणारे पगार लिहा. महिनाअखेरीला पगार होत असेल तर ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरचा असे दोनच, डिसेंबरचा नाही. काही ठिकाणी डिसेंबरचा पगार सणासाठी लवकर देतात. तसा मिळाला तर सगळ्यांना बरं वाटतं, पण तो जानेवारीच्या अखेरपर्यंत पुरवायचा असतो. म्हणजे चार आठवड्यांच्या पैशात पाच-सहा आठवडे काढायचे. म्हणून तो पगार या हिशेबात धरूच नका. नवऱ्याचं जे काम ठरलेलं आहे तेवढंच धरा, ‘बहुतेक मिळेल’ असं असेल ते सोडा. आता त्यातून भाडं, किराणा, वीज, शाळेचा खर्च, जाण्यायेण्याचे पैसे, कार्डाचा हप्ता वजा करा. जानेवारीच्या भाड्यातला जो भाग आत्तापासून बाजूला ठेवायला लागतो तोही वजा करा. जे उरेल त्यातलं निम्मं नाताळचं. उरलेलं निम्मं दुखण्याखुपण्याला आणि काम न मिळालेल्या आठवड्याला.

आकडा लहान येईल. इतका लहान की पुन्हा एकदा बेरीज करून बघावीशी वाटेल. करा, आणि तोच आला तर तोच आकडा. यादी बघून तो वाढवायचा नाही, त्याच्याकडे बघून यादी कापायची. तुमच्या घरी आजवर उलटं होत आलंय: आधी नावं, मग वस्तू, मग बेरीज, मग कार्ड.

कार्डाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. समजा व्याज महिन्याला ३ टक्के आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीनं ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. आता समजा बाकी १०० आहे आणि तुम्ही दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के, म्हणजे बिलावर लिहिलेली ‘किमान रक्कम’, प्रामाणिकपणे भरताय. नवीन काहीही घेत नाही. वर्षभरात तुम्ही ५५ भराल आणि वर्षाच्या शेवटी ७७ बाकी असेल. खेळणं तोवर मोडलेलंही असेल. तुमच्या कार्डाचा दर वेगळा असेल, बिल काढून बघा, पण किमान रकमेचं हे गणित सगळीकडे असंच चालतं. तेव्हा या नाताळला कार्ड घरी ठेवायचं, आणि किमान रकमेच्या वर जमेल तेवढं भरत राहायचं.

‘आत्ता घ्या, नंतर तीन हप्त्यांत द्या’ हेही त्याच जातीचं. एक हप्ता कुणालाही झेपतो. पण डिसेंबरात वेगवेगळ्या ठिकाणी असे चार सौदे केले की चारही हप्ते जानेवारीच्या त्याच आठवड्यात येऊन उभे राहतात, आणि एक चुकला की दंड. काही दुकानं मात्र उलट करतात: वस्तू त्यांच्याकडे राहते, तुम्ही थोडे थोडे पैसे भरता, पूर्ण झाले की घरी आणता. त्यात व्याज नसेल आणि सौदा रद्द केल्यास पैसे परत मिळणार असतील तर ते चांगलं. दोन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्या.

आता नावं. माझा अंदाज आहे की या १९ पैकी मुलं सहा-सात असतील आणि बाकी सगळी कमावती माणसं. मोठ्यांची आपसातली देवाणघेवाण ही सगळ्यात आधी कापायची गोष्ट. कुटुंबात आठ मोठी माणसं असतील आणि प्रत्येकानं प्रत्येकाला काही दिलं, तर ५६ भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानं एकालाच द्यायचं ठरवलं तर आठ. नवरा-बायकोला एकमेकांची चिठ्ठी आली तर परत टाकायची, आणि कमाल किंमत आधी ठरवायची. ती किंमत घरातल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्यानं सांगायची. इथे ते घर तुमचं आहे, म्हणून आकडा तुम्हीच सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगितला तर तुम्ही मान डोलावून मोकळ्या व्हाल आणि घरी येऊन कार्ड शोधाल.

नातेवाईकांना वाईट वाटेल असं म्हणाल. या बाबतीत अर्थशास्त्रज्ञांनी डोकं चालवलंय. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं की मिळालेल्या भेटींची तुमच्या लेखी किंमत किती. देणाऱ्यानं मोजलेल्या पैशांपेक्षा ती एक दशांश ते एक तृतीयांश इतकी कमी निघाली. सर्वांत जास्त घट लांबच्या आणि मोठ्या वयाच्या नातेवाइकांनी दिलेल्या भेटींमध्ये होती. मित्रांच्या आणि जोडीदाराच्या भेटींत सर्वांत कमी. म्हणजे चुलतसासऱ्यांसाठी आपण ज्या वस्तूवर तास घालवतो, ती बहुतेक कपाटात जाते. हे आपल्या सगळ्यांना कपाट आवरताना कळलेलंच असतं म्हणा.

आणि नणंदेचं. तुम्हाला वाटतंय की त्यांच्या भारी वस्तूसमोर तुमची साधी वस्तू उघडी पडेल. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. भेट जितकी महाग तितकी ती घेणाऱ्याला जास्त आवडेल, असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. तुम्ही स्वतःलाच विचारा: गेल्या वर्षी त्यांनी दिलेल्या भेटीची किंमत आठवून तुम्हाला आनंद झाला होता, की धास्ती? मला तरी पत्रात धास्तीच दिसली. आपल्या भेटीनं तुम्हाला धास्ती बसते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

तेव्हा सांगा. फोनवर नको, फोनवर तुम्ही ‘तसं काही नाही हो’ म्हणून विषय बदलाल. मेसेज लिहा, याच महिन्यात, त्यांची खरेदी सुरू व्हायच्या आत. मजकूर साधारण असा:

‘ताई, नाताळचं एक बोलायचं होतं. या वर्षी आमचा हात जरा आखडता आहे आणि मागचं थोडं देणंही फेडायचंय. म्हणून मोठ्यांनी एकमेकांना भेटी देण्याऐवजी चिठ्ठ्या टाकूया का? प्रत्येकानं एकालाच द्यायचं, आणि रक्कम अमुकच्या वर नाही. मुलांना प्रत्येकी एकच वस्तू द्या, तीही आम्हाला आधी सांगून, म्हणजे दोनदा होणार नाही. तुम्ही दरवर्षी मुलांसाठी एवढं करता ते माझ्या लक्षात आहे. सगळ्यांना तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतील.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. मोठ्या नणंदेला ठराव मांडायला दिला की तो तिचा होतो, आणि स्वतःचा ठराव कुणी सहसा मोडत नाही. अमुकच्या जागी मात्र आकडा घाला. ‘जास्त खर्च नको’ असं मोघम लिहिलंत तर प्रत्येक जण आपापल्या खिशाप्रमाणे अर्थ लावेल. हा मेसेज आधी नवऱ्याला दाखवा. बहीण त्याची आहे.

कामावरची भेटींची चिठ्ठी, मुलांचे शिक्षक, शेजारी: इथे ‘या वर्षी मी नाही’ एवढं पुरतं. कारण देत बसू नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो आणि आपण पुन्हा अडकतो. शिक्षकांना मुलीनं लिहिलेलं कार्ड द्या.

आता जो काही आकडा आला असेल त्याला १०० समजून मी तुमच्यासाठी अशी वाटणी केली आहे. दोन्ही मुलांसाठी मिळून ५०. दोन्हीकडच्या आई-वडिलांसाठी १५. चिठ्ठीतल्या एका माणसासाठी १०. कागद, पार्सल, बॅटऱ्या यांसाठी १०. हा खर्च कुणी धरतच नाही आणि तोच शेवटच्या दिवशी घात करतो. राखीव ५. आणि नवऱ्यासाठी १०.

हे शेवटचे १० त्याच्या भेटीसाठी नाहीत. ते २४ तारखेच्या संध्याकाळचे आहेत. तुमचा नवरा उधळ्या आहे असं मला पत्रावरून वाटलं नाही. वर्षभर काम मिळेल-न मिळेल या टांगणीवर असलेल्या माणसाला एक संध्याकाळ मुलांसाठी काहीतरी घेऊन घरी यायचं असतं. ती त्याच्याकडून काढून घेतलीत तर तो ऐकणार नाही, आणि तुम्हाला न सांगता करेल. त्यापेक्षा त्या रकमेचं पाकीट आत्ताच वेगळं करा, त्याच्यासमोर, आणि सांगा की २४ तारखेला हे तुझे, काय आणायचं ते तू ठरव. पण तोवर मुलांची बाकी खरेदी पूर्ण झालेली असू द्या आणि ती त्याला बघून माहीत असू द्या. ‘रिकामं दिसतंय’ हे बहुतेक वेळा आत काय बांधून ठेवलंय ते ठाऊक नसल्यानंच वाटतं.

पैसे रोखीनं पाकिटांत ठेवा, प्रत्येकावर नाव आणि रक्कम. एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घ्यायला हरकत नाही, पण बाहेरून भर घालायची नाही.

मुलाचा कन्सोल. १०० पैकी ५० दोघांत वाटायचे, म्हणजे त्याच्या वाट्याला २५. त्यात नवा कन्सोल बसणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं. ‘आपल्याला परवडत नाही’ एवढंच सांगितलं तर मुलं घाबरतात, त्यांना ते घरातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल वाटायला लागतं. त्याऐवजी त्याला त्याचा आकडा सांगा: ‘तुझ्यासाठी एवढे बाजूला ठेवलेत. यात काय घ्यायचं ते आपण मिळून बघू.’ दहाव्या वर्षी मुलं या कामात आपल्यापेक्षा पक्की असतात. कदाचित तो म्हणेल की या वर्षी लहान काहीतरी घेऊ आणि उरलेले साठवू. आत्या आणि आजी-आजोबा यांनी वेगवेगळं काही देण्याऐवजी त्याच साठ्यात भर घातली तर वापरलेला कन्सोल पुढच्या वाढदिवसापर्यंत शक्य आहे. मात्र आधी विचारून घ्या की त्यातल्या खेळांचे वेगळे पैसे किती, आणि ऑनलाइन खेळायला दरमहा वर्गणी लागते का. दर महिन्याला पैसे मागणारी भेट ही तुमच्या घरात सध्या नकोच.

सहा वर्षांच्या मुलीला आकडे सांगून उपयोग नाही. तिच्या बाबतीत एक काळजी घ्या: सांता आणतो ती वस्तू छोटी असू द्या, आणि जी काही मोठी असेल ती आई-बाबांकडून. मुलं शाळेत एकमेकांना सांतानं काय दिलं ते विचारतात. कुणाला सांतानं सायकल दिली आणि आपल्याला रंगपेटी, तर आपण काहीतरी वाईट वागलो असेल, असा अर्थ ती लावू शकते. आई-बाबांनी काय दिलं यावरून तेवढं मनाला लागत नाही.

वापरलेल्या वस्तू घ्यायला तुम्ही कचरताय की नाही ते पत्रातून कळलं नाही. मुलांना फरक पडत नाही, पडतो तो आपल्याला. सायकल, गोष्टींची पुस्तकं, ठोकळ्यांचे संच, पटावरचे खेळ हे वापरलेले उत्तम मिळतात. खेळाच्या सोंगट्या तिथेच मोजा, सायकलचे ब्रेक तिथेच दाबून बघा. हेल्मेट मात्र वापरलेलं घेऊ नका, आधी आपटलेलं असेल तर बाहेरून कळत नाही. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल, किंवा खेळण्यातून बारीक लोहचुंबक निघत असतील, तर ते खेळणं कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. बॅटरी किंवा लोहचुंबक गिळलं गेलं तर शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते.

हातानं बनवलेल्या भेटींबद्दल सगळे फार हळवे होतात. मी होत नाही. लोकर, रंग, चौकटी यांना पैसे पडतात, आणि दिवसभर उभं राहून पॅकिंग करून आलेल्या बाईनं रात्री अकरा वाजता दहा जणांसाठी काहीतरी विणावं, असं मला अजिबात वाटत नाही. एखाद्या आजीसाठी मुलांनी काढलेलं चित्र, जुन्या फोटोची प्रत, बस्स. मुलांना गरजेचे बूट किंवा दप्तर घ्यायचंच असेल तर ते घरखर्चातून घ्या आणि आधी द्या. ते कागदात गुंडाळून भेट म्हणून दिलेलं मुलांना बरोबर कळतं.

ज्यांना तुम्ही नव्या वर्षातच भेटणार आहात त्यांची खरेदी २५ तारखेनंतर करा. सण तसाही एका दिवसाचा नाही, ६ जानेवारीपर्यंत चालतो, आणि पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या भेटींची आठवण त्याच दिवशी करतात. दुकानांतला उरलेला माल तोवर उतरलेल्या किमतीत येतो. पुढच्या वर्षीचा कागद आणि सजावटही तेव्हाच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. बरीच चर्च आणि सेवाभावी संस्था डिसेंबरात मुलांसाठी खेळणी गोळा करून वाटतात. त्यांच्या याद्या बऱ्याचदा नोव्हेंबरातच भरतात. नाव द्यायला लाजू नका. ज्या संत निकोलसवरून सांता आला, त्याची आख्यायिका एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकण्याची आहे. त्या बापानं थैल्या परत पाठवल्याचं कुठे ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षासाठी जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला टाका. यासाठी वेगळं खातं ठेवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या बँकेनं १९०९ साली ‘ख्रिसमस क्लब’ सुरू केला होता. पैसे बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावावर ठेवा. एखाद्या विक्रेत्याच्या ‘वर्षभर भरा, डिसेंबरात कुपनं घ्या’ योजनेत नको. ब्रिटनमध्ये २००६च्या ऑक्टोबरात ‘फेअरपॅक’ ही अशी कंपनी बुडाली तेव्हा लाखाहून जास्त लोकांची नाताळची बचत ऐन सणाच्या तोंडावर अडकली. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच बेताच्या कमाईचे, कर्ज नको म्हणून वर्षभर पै-पै भरणारे होते.

या रविवारी आकडा काढा, सोमवारपर्यंत ताईंना मेसेज जाऊ द्या. त्यांचं उत्तर काय येतं ते मला कळवा. त्या ‘छे, असं काय, मुलांना मी देणारच’ म्हणाल्या तर देऊ द्या, पण परतफेड तुम्ही ठरलेल्या रकमेतच करायची. चिठ्ठ्यांनाच नाही म्हणाल्या, तर दुसरा मजकूर लिहून पाठवते.